बावीस घरचं दही

मी एका सकाळी बावीस घरचं दही खाल्लं आहे, आणि ते सगळं तत्त्वासाठी.

हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे. (आमच्या आळीत अजून येतं.) पण जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं मी ठरवलं आहे, कारण सत्य लपवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय सगळ्या रत्नागिरीला ते ठाऊक आहे.

त्या वर्षी मुंबईच्या एका वैद्यकीय शाळेनं आमच्या जिल्ह्यासाठी एक जागा राखून ठेवली होती. एक! दापोलीपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला एक डॉक्टर! मी याविरुद्ध पत्रक काढणारच होतो. पण त्याच एका जागेसाठी मी स्वतः अर्ज केला होता, म्हणून निषेध निकालापर्यंत तहकूब ठेवला.

अर्जासोबत लायकीचे दाखले जोडायचे होते. मी माझी तीन पत्रकं जोडली. एक जातिभेदावर, एक अंधश्रद्धेवर आणि एक दारूवर. तिन्ही विरोधात, हे सांगायला नकोच. आमच्या घरात ही परंपराच होती. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पेटीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त. इतर मुलं मुळाक्षरं पाटीवर शिकली, मी 'बंधूंनो, जागे व्हा' यावरून शिकलो. त्यामुळे मला साधा निरोप लिहितानासुद्धा शेवटी उद्गारचिन्ह द्यावंसं वाटतं!

डॉक्टर व्हायचं खूळ मात्र पत्रकातून आलं नव्हतं. माझी मावशी जयगडच्या खाडीपलीकडे राहायची. तिच्या गावात कुणाला ताप चढला की त्याला होडीत घालून अलीकडे आणायचे. होडी भरतीची वाट बघायची. ताप कुणाची वाट बघत नसे. अशीच एक होडी एकदा उशिरा लागली. त्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. पण तेव्हापासून डोळे मिटले की मला एक दवाखाना दिसायचा. खाडीच्या काठावर, वर नारळाची झावळं, आणि बाहेर एक लांब बाक. एकच. ज्याला ताप आहे त्यानं त्यावर बसायचं, मग तो कुणीही असो. त्या बाकाचे पायसुद्धा मला दिसायचे, फणसाच्या लाकडाचे.

अडचण फक्त मुलाखतीची होती. सभेत दोनशे माणसांपुढे मी गरजतो. पण कोट घातलेला एक माणूस टेबलापलीकडे बसून मला नाव विचारील, एवढ्या कल्पनेनं मला उचकी लागते आणि दोन्ही हात थरथर कापतात. मुलाखतीचं पत्र आलं त्या दिवशी सकाळी जी उचकी लागली ती थांबेचना.

"कोणीतरी आठवण काढतंय रे," आई म्हणाली. "मावशी असेल."

"मावशी नाही. हिक्! भीती आहे."

"मग आत्या असेल."

नाव बरोबर आलं की उचकी थांबते, असा तिचा हिशेब. चार दिवसांत जिवंत नातेवाईक संपले, तेव्हा ती वारलेल्यांवर आली.

मी शास्त्रीय उपाय करायचं ठरवलं. अप्पांच्या पेटीत मनोधैर्यावरचं एक पत्रक होतं. त्यात सांगितलं होतं की आरशापुढे उभं राहून 'मी शांत आहे' असं ठामपणे वीस वेळा म्हणावं. मला ठामपणे म्हणजे एकाच प्रकारे बोलता येतं. मूठ वर करून.

"मी शांत आहे!" मी गरजलो. "मी शांत आहे! हिक्! मी शांत आहे!!"

सातव्या वेळेला गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, सगुणाकाकूंचं डोकं वर आलं. सगुणाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. आळीतली बातमी पोस्टाच्या आधी पोचवण्याचं काम त्यांच्याकडे असे.

"गो वहिनी, दामू कोणाशी भांडतोय?"

"कोणाशी नाय गो. शांत होतोय तो," आई म्हणाली.

"बाय माझे! एवढा?"

अशा स्थितीत मुलाखतीचा दिवस उजाडला. मे महिना सरत आला होता. मुलाखत वरच्या सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या खडकाळ पठारावरच्या, डाक बंगल्यात, अकरा वाजता. मी साडेसातलाच धुतलेलं धोतर नेसून, अप्पांचा काळा कोट चढवून तयार झालो आणि उंबऱ्याशी आलो, तर आई दह्याची वाटी घेऊन पुढ्यात उभी!

"हात पुढे कर."

"आई, हे काय?"

"दही साखर. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसानं खायचं असतं. पोट थंड राहतं, जीव थाऱ्यावर येतो."

"ही अंधश्रद्धा आहे! मी हिच्याविरुद्ध पत्रक लिहिलंय. हिक्! ते पत्रक अर्जाला जोडलंय!"

"मग त्या पत्रकाला सांग तुझी उचकी थांबवायला."

अप्पा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे आणखी वर धरलं. (पत्रकं त्यांची असली तरी घर आईचं होतं.)

आईचे डोळे भरून आले. आता आईच्या अश्रूंवर कुठल्याही पत्रकात उत्तर दिलेलं नाही. ही आपल्या चळवळीतली मोठीच उणीव आहे. मी विचार केला. आणि विचार करता करता मला एक तोड सुचली, इतकी तेजस्वी की माझा मीच भारावलो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "खातो. पण एका अटीवर. दही जर आशीर्वाद असेल, तर तो एकाच घरचा का? मी आज सड्यावर जाईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक घरचं दही खाईन! जात नाही, धर्म नाही, लहान नाही, मोठं नाही! जो देईल त्याचं घेईन, कुणाला नाही म्हणणार नाही. हिक्! बोल, आहे कबूल?"

मला वाटलं होतं, आई घाबरून वाटी मागे घेईल. तिनं शांतपणे माझ्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं.

"कबूल. आधी माझं खा."

मी खाल्लं. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की गडग्यापलीकडे सगुणाकाकूंचं डोकं मघापासून वरच होतं. आता ते दिसेनासं झालं.

मी आळीत पाऊल टाकलं तेव्हा तेरा घरांच्या तेरा दारांत तेरा बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या.

पहिल्या दोन घरी चमचाभरच मिळालं. तिसऱ्या घरच्या काकूंनी विचारलं, "सगुणानं किती दिलं?"

"एक चमचा."

"हात आखडताच तिचा. घे, दोन खा."

चौथ्या घरी ही बातमी माझ्याआधी पोचली होती. तिथे तीन. सहाव्या घरापासून चमचे गेले आणि वाट्या आल्या. सातव्या घरच्या आजी म्हणाल्या, "विरजण सातारहून आलंय माझ्या सुनेबरोबर, असं दही तुला कुठे मिळायचं नाही," आणि मी संपवेपर्यंत काठी टेकून समोर उभ्या राहिल्या. नवव्या घरी दही आंबट होतं. मी तोंड वाकडं केलं नाही. तोंड वाकडं करणं म्हणजे भेदभाव!

"पुरे," असं म्हणायची सोय नव्हती. दही घेऊन निघालेल्यानं मागे वळायचं नाही आणि पुढे आलेलं नाकारायचं नाही, असा रिवाज. रिवाज मी मानत नाही. पण शब्द दिला होता, आणि शब्द मी मानतो. रिवाज आणि तत्त्व असे दोघे दोन बाजूंनी माझे दंड धरून मला आळीतून चालवत होते.

बाराव्या घरी एक चमत्कार झाला. उचकी थांबली! मी उभा राहून वाट पाहिली. नाहीच आली. हातही कापायचे थांबले. पोटात एक मोठं, पांढरं, गार असं काहीतरी पसरत होतं, आणि भीतीला बसायला तिथे जागाच उरली नव्हती.

आळी संपली, मोहल्ला लागला. इथे मला वाटलं होतं कुणाला ठाऊक नसेल. पण अमिनाखाला दारात उभ्या होत्या. त्यांचे मालक गलबतावर तांडेल होते आणि खालांच्या दारची म्हैस अख्ख्या बंदरात नावाजलेली.

"दामू, आमच्या घरचं खाशील ना रे? का फक्त सभेत?"

"खाला, कसली शंका! आणा."

त्यांनी काहीतरी पुटपुटत वाटीवर हळूच फुंकर घातली आणि वाटी माझ्या हातात दिली. ते दही नव्हतं, तो मलईचा ढग होता. त्यात चमचा उभा राहायचा. मी खाताना त्यांच्या अंगणातून खाली समुद्र दिसत होता, आणि समुद्रावर एक शीड. ते शीड हलतंय की माझे डोळे मिटतायत, हे मला नीट कळलं नाही. शेजारच्या तीन घरांनीही खालांच्या मागे राहायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

अठरा घरं झाली होती. मी कोटाची बटणं सोडली.

सड्याच्या पायथ्याशी, गावाच्या वेशीबाहेर, एक वस्ती होती. तिथे कुणी वाट्या घेऊन उभं नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सगुणाकाकूंची बातमी तिथपर्यंत जात नसे. मी पहिल्या दारासमोर थांबलो. रखमाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या.

"आजी, आज माझी परीक्षा आहे. दही असेल तर द्या."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माज्या हातचं?"

"हो."

"आईस इचारलंस?"

"आईला नंतर सांगीन."

त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मग बाहेर आल्या तेव्हा हातात शेळीच्या दुधाच्या दह्याचं लहानसं मडकं होतं. त्यांनी सवयीनं हात उंच केला, वरून टाकायला, लांबून.

"वरून नका टाकू, आजी. हातावर ठेवा."

त्यांचा हात माझ्या हातावर आला. तो कापत होता. सकाळी माझा कापत होता त्याहून जास्त. मुलाखत माझी होती, पण त्या क्षणी घाबरलेलं माणूस मी नव्हतो. मी ते दही सावकाश खाल्लं. त्याला शेळीचा उग्र वास होता आणि साखर नव्हती, आणि बावीसांपैकी ज्याची चव मला अजून आठवते असं ते एकच. मग शेजारच्या तीन झोपड्यांतून तीन वाट्या आल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज मी बहुधा मुंबईला डॉक्टरकी शिकत असतो. पण सड्याची चढण भंडारीआळीतून जाते.

सखाराम माडावरून नुकताच उतरला होता. कमरेला कोयती, पायात दोरीचा फास, आणि खाली ठेवलेलं भांडं. हाच तो सखाराम, ज्याच्या माडाखाली उभं राहून मी महिन्यापूर्वी दारूविरुद्ध दीड तास बोललो होतो. तो सबंध वेळ वर माडावर बसून ऐकत होता.

"काय रे, घरोघर दही खातूस म्हनं?"

"होय."

"आमच्याकडं दही नाय. ढोरच नाय, तर दही कुठनं येनार? पन पांढरं हाय." त्यानं भांड्यातून करवंटी भरली.

मी दोन पावलं मागे सरलो. "सखाराम, ही माडी आहे."

"नीरा हाय. दिस उगवायच्या आदी उतरवली ती."

"पण आता साडेनऊ वाजले!"

"मंग आता ती मधीच हाय. थोडी नीरा, थोडी माडी. तुज्यावानी. शिकतीय अजून."

"मी हे पिऊ शकत नाही. माझं तत्त्व आहे."

सखारामनं करवंटी खाली केली नाही. "बामनाआळीतलं खाल्लंस. खालाचं खाल्लंस. रखमाईचं खाल्लंस, माडावरनं दिसलं, लय ग्वाड वाटलं माका. आता माज्या दारात इलास नि तत्त्व सांगतूस? आमचं घर घर नाय?"

मी पुष्कळ पत्रकं वाचली आहेत. पण एक तत्त्व दुसऱ्या तत्त्वाच्या अंगावर धावून आलं तर काय करायचं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. समता म्हणत होती, पी! संयम म्हणत होता, पिऊ नकोस! मी दोघांच्या मध्ये, उन्हात, काळ्या कोटात, पोटात बावीस घरं घेऊन उभा.

समता जिंकली. तिचं पत्रक जास्त पानांचं होतं. मी करवंटी रिकामी केली.

"येकीवरच गेलास तर येक पाय पुढं नि येक मागं राहील," सखाराम म्हणाला. "दुसरी घे."

मी दुसरी घेतली.

तिथून डाक बंगल्यापर्यंतची वाट मला अजून स्वप्नात दिसते. पण मुळात ती मी स्वप्नातच चाललो असल्यामुळे खरी कुठली आणि स्वप्नातली कुठली, हे आता वेगळं काढता येत नाही. जांभ्याचा लाल सडा उन्हात हळूहळू श्वास घेत होता. करवंदीच्या जाळ्या वाटेवरून आपणहून बाजूला होत होत्या. खाली समुद्र कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखा पसरला होता आणि त्याच्या एका टोकाला दगडाचं वजन म्हणून बंदर ठेवलं होतं. माझे पाय जमिनीला लागत होते, पण जरा उशिरा. मला कशाचीही भीती वाटत नव्हती. त्या क्षणी साक्षात गव्हर्नरनं नाव विचारलं असतं तरी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो असतो, "बैस बाबा, सावकाश सांगतो."

डाक बंगल्याच्या व्हरांड्यात उमेदवार बसले होते. चिपळूणचा एक मुलगा डोळे मिटून शरीरातली हाडं मोजत होता आणि दर वेळी एक हाड कमी भरत होतं. त्याच्या पलीकडे राजापूरची एक मुलगी बसली होती, इंदू नावाची. निळ्या काठाचं लुगडं, मांडीवर छत्री, आणि वडील समोर आंब्याखाली उभे. तिच्याही कपाळावर घाम होता. छत्रीची मूठ तिनं अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "तुम्हांला बरं वाटतंय ना?"

"मला," मी म्हणालो, "आयुष्यात इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं." आणि दाराच्या चौकटीला नमस्कार करून आत गेलो.

आत तिघे होते. मधले म्हातारे डॉक्टर, पांढऱ्या मिशांचे. वर पंखा सावकाश हलत होता. त्याची दोरी कुठून तरी कुरकुरत होती, होडीच्या वल्ह्यासारखी.

"बसा. नाव?"

मी नाव सांगितलं. एकदाही न अडखळता! मला स्वतःचा अभिमान वाटला.

"तुम्हांला डॉक्टर का व्हायचंय?"

हाच तो प्रश्न. ह्याच्यासाठीच मी जन्मलो होतो. मी उठून उभा राहिलो आणि बोलू लागलो. काय बोललो ते! खाडी सांगितली, होडी सांगितली, भरती सांगितली. दवाखाना सांगितला, बाक सांगितला. बोलता बोलता तो बाक खोलीत आला. त्यावर आई येऊन बसली, शेजारी अमिनाखाला, शेजारी रखमाबाई, टोकाला सखाराम, पायातला फास न सोडता. बाक लांब होत गेला, खिडकीतून बाहेर, सड्यावरून खाली, थेट खाडीपलीकडे. त्यावरून चालत गेलं असतं तर होडीच लागली नसती. पलीकडच्या टोकाला मावशी उभी होती, आणि तिच्या कडेवर कुणीतरी होतं, आणि ते हसत होतं. तिघेही परीक्षक रडत होते. मग म्हाताऱ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

टाळ्या फारच जवळून येत होत्या.

मी डोळे उघडले. म्हातारे डॉक्टर माझ्या कानाशी टाळ्या वाजवत होते. मी खुर्चीतच होतो. उभा कधी राहिलोच नव्हतो. नावापुढे मी एक अक्षरही बोललो नव्हतो, हे मला मागाहून कळलं. फक्त डोळे मिटून पाच मिनिटं गोड हसत होतो.

डॉक्टरांनी माझी नाडी धरली, मग वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला, आणि सरळ होऊन टेबलावरचं एक पत्रक उचललं.

"दारूबंदीवर लिहिणारे ते तुम्हीच का?"

"होय, महाराज." (महाराज का म्हणालो, देव जाणे! आणि देवावर माझा विश्वास नाही.)

दुसरे परीक्षक रागानं म्हणाले, "बाहेर काढा याला!" पण म्हाताऱ्या डॉक्टरांच्या मिशा हलू लागल्या होत्या. "थांबा," ते म्हणाले. "याला इथेच असू द्या. पुढच्या उमेदवाराला बोलवा."

इंदू आत आली. तिला बसायला खुर्ची नव्हती, कारण ती माझ्याखाली होती.

"हा रोगी," डॉक्टर म्हणाले. "मघापर्यंत उमेदवार होता. ग्लानी आहे. याला काय झालंय ते शोधून काढा."

तिनं छत्री भिंतीला टेकवली. मला तेव्हा अंधुक दिसत होतं, पण एवढं स्पष्ट दिसलं की तिची बोटं आता पांढरी नव्हती. समोर आजारी माणूस आल्याबरोबर तिची भीती कुठल्या कुठे गेली.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"दही."

"किती?"

"बावीस घरचं."

तिसऱ्या परीक्षकांनी टाक खाली ठेवला.

"का?"

"समतेसाठी."

"चालत आलात? या उन्हात? हा कोट घालून?"

"होय."

"आणि प्यायलात काय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पण खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. (याच तत्त्वानं माझं सर्वांत जास्त नुकसान केलेलं आहे.) "नीरा."

"किती वाजता?"

"साडेनऊ."

"मग नीरा नव्हे. आमच्याकडेही माड आहेत." तिनं माझी जीभ पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, कपाळाला हात लावला आणि वळली. "सर, यांना रोग काही नाही. यांना शेजारी आहेत."

"उपाय?"

"कोट काढावा. मीठ घातलेलं लिंबाचं पाणी द्यावं. तासभर झोपू द्यावं. आणि घरी पाठवताना दुसऱ्या वाटेनं पाठवावं."

म्हातारे डॉक्टर इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

मी दुपारी दुसऱ्या वाटेनं घरी पोचलो. ओसरीवर आई, अप्पा, आणि अर्थातच गडग्यावर सगुणाकाकू. मी सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

आईनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मग म्हणाली, "आत गेल्यावर उचकी लागली?"

"नाही."

"हात कापले?"

"नाही."

"मग दह्यानं त्याचं काम केलं."

रखमाबाईंचं सांगितलं तेव्हा तिनं मान खाली घातली आणि पदराशी चाळा केला. मग एवढंच विचारलं, "साखर नव्हती म्हणालास? मग उद्या थोडी नेऊन दे." अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि आईकडे असं पाहिलं, जसं त्यांनी कुठल्याही पत्रकाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

आळीत आठवडाभर वाद चालला, की जागा नेमकी कुणाच्या दह्यानं गेली. सातव्या घरच्या आजींनी सातारच्या विरजणाची शपथ घेतली. नवव्या घरच्यांनी मोहल्ल्याकडे बोट दाखवलं, मोहल्ल्यानं माडाकडे, आणि सखाराम म्हणाला, "माजं कशाला नाव घेतास? माज्यामुळं झोप तरी चांगली लागली!"

जागा इंदूला मिळाली. ती आता मुंबईला शिकते आहे, आणि शिकून झाल्यावर खाडीपलीकडे दवाखाना काढायला तयार आहे, असं तिनं मला पत्रानं कळवलं. बाकाची कल्पना तिला पसंत पडली. फणसाचं लाकूड मी बघून ठेवलं आहे. जागा योग्य माणसाला गेली याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि दुःखही आता फारसं नाही.

एकच गोष्ट मात्र मनाला लागते. त्या दिवशी मी डाक बंगल्यात उमेदवार म्हणून गेलो आणि प्रश्नपत्रिका म्हणून बाहेर आलो. आणि परीक्षकांचं मत असं पडलं, की प्रश्न फारच सोपा होता!